चार माणसे, पस्तीस गॅलन आणि समोरचा वारा: परतीच्या इंधनाचा हिशेब तपासून हवा आहे

दिगंत, सॅन होजे

नमस्कार. मला गेल्या ऑक्टोबरमध्ये खासगी वैमानिकाचा परवाना मिळाला असून आजवर माझे एकंदर ८४ तास उड्डाण झाले आहे. रीड-हिलव्ह्यू विमानतळावरच्या एका क्लबचे सेस्ना १७२ एस मी भाड्याने घेतो. मार्चच्या मध्यावर माझे आईवडील सांगलीहून इकडे येत आहेत. त्यांना आणि पत्नीला घेऊन सकाळी सांता बार्बराला जावे आणि संध्याकाळी परतावे, असा बेत आहे. चौघांना घेऊन मी अद्याप कधीच उडालेलो नाही. हिशेब मांडायला बसलो तेव्हा लक्षात आले की, इंधनाचे खरे नियोजन मी आजवर केलेलेच नाही. टाक्या काठोकाठ भरायच्या आणि दोन तासांच्या आत परत यायचे, एवढ्यावर माझे भागत होते.

या वेळी टाक्या काठोकाठ भरता येणार नाहीत. आमच्या विमानाचे रिकामे वजन १,६८० पाउंड आणि उड्डाणाचे कमाल वजन २,५५० पाउंड आहे, म्हणजे माणसे, सामान आणि इंधन या सर्वांसाठी मिळून ८७० पाउंड उरतात. आम्हा चौघांचे वजन ५९५ पाउंड आणि सामान व हेडसेट यांचे ४५ पाउंड धरले, तर इंधनाला २३० पाउंड राहतात. दोन्ही टाक्यांत मिळून वापरण्याजोगे ५३ गॅलन मावतात आणि त्यांचे वजन ३१८ पाउंड होते. म्हणून टाकीच्या तोंडाशी आत जी पट्टी असते तिच्यापर्यंत, म्हणजे प्रत्येक टाकीत साडेसतरा असे एकूण ३५ गॅलन घ्यायचे मी ठरवले आहे.

अंतर सुमारे २०० सागरी मैल आहे. ८,००० फुटांच्या आसपास विमानाचा वेग ११५ नॉट (ताशी सागरी मैल) आणि वापर ताशी ९.५ गॅलन, असे मी विमानाच्या पुस्तिकेतील तक्त्यावरून घेतले आहे. इंजिन सुरू करणे, टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणे) आणि उड्डाण यांसाठी पुस्तिका १.४ गॅलन सांगते, आणि वर चढताना लागणारे जादा इंधन मी दीड गॅलन धरले आहे. जाताना मागून १५ नॉट वारा मिळाला तर सुमारे साडेसतरा गॅलन लागतील. सांता बार्बराला पुन्हा पट्टीपर्यंत भरून घेईन. येताना वायव्येकडून, म्हणजे बहुतेक तोंडावरच, २५ नॉट वारा धरला, तर जमिनीवरचा वेग ९० नॉट होतो, २४ गॅलन लागतात आणि ११ गॅलन शिल्लक राहतात. दिवसा दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर पाहून, उडताना ३० मिनिटांचे राखीव इंधन पुरते, आणि ११ गॅलन म्हणजे जवळजवळ ७० मिनिटे होतात. कागदावर सगळे व्यवस्थित दिसते. तरीही मन स्वस्थ नाही, कारण आईवडील मागच्या सीटवर बसलेले असणार आहेत. या हिशेबात मी काय विसरतो आहे? संध्याकाळी पाच वाजता सांता बार्बराहून निघण्याचा विचार आहे.

पंखाखाली, सॅक्रामेंटो

दिगंत, तुमचा हिशेब स्वच्छ आहे आणि तुम्ही तो उड्डाणाच्या तीन आठवडे आधी मांडलात, याचे मला फार समाधान वाटले. मी गेली सतरा वर्षे या राज्यात उड्डाण शिकवतो आहे. तुमच्या आकड्यांत चूक नाही, परंतु ते अजून गॅलनमध्येच आहेत. इंधन जोवर गॅलनमध्ये असते तोवर ते कागदावर असते. त्याची मिनिटे केली की ते घड्याळावर येते, आणि हवेत आपल्याजवळ विश्वासाचे साधन म्हणून घड्याळच असते.

मिनिटे अशी होतात. ३५ गॅलनमधून तुमचे १.४ आणि १.५ वजा केले की ३२.१ उरतात. ताशी ९.५ ने भागले आणि वर चढताना वेग कमी असल्यामुळे जाणारी पाच मिनिटे मिळवली, तर चाके जमिनीवरून उचलल्यापासून तुमच्याजवळ ३ तास २८ मिनिटे आहेत. वारा तुम्ही धरला तेवढाच असला, तर प्रवास २ तास १८ मिनिटांचा होईल आणि ७० मिनिटे उरतील. हे तुम्हालाही आले आहे. आता फक्त दोन गोष्टी बदलून पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे वारा. समोरचा वारा २५ ऐवजी ४० नॉट निघाला, तर जमिनीवरचा वेग ७५ नॉट होतो आणि प्रवास पावणेतीन तासांचा होतो. वसंत ऋतूत या किनाऱ्यावर असा वारा वाहणे मुळीच नवलाचे नाही. अशा वेळी ४३ मिनिटे उरतील. पाच वाजता निघालेले विमान पावणेआठच्या सुमारास पोहोचेल. मार्चच्या मध्यावर सॅन होजेचा सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असतो आणि त्यानंतरचा संधिप्रकाश साधारण पंचवीस मिनिटांत संपतो, म्हणजे तुमचे उतरणे रात्रीच्या हिशेबात जाते, आणि रात्रीच्या दृश्य उड्डाणाला नियम ३० नव्हे तर ४५ मिनिटे मागतो. नियमालाच दोन मिनिटे कमी पडली. निघण्यापूर्वी हा अंदाज हाती असेल, तर तुम्हाला ते उड्डाण सुरूच करता येणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ताशी वापर. पुस्तिकेतील तक्ता असे गृहीत धरतो की, तुम्ही इंधन आणि हवेचे मिश्रण सांगितल्याप्रमाणे पातळ केले आहे, म्हणजे एक्झॉस्टचे तापमान सर्वांत वर जाते त्या बिंदूपासून समृद्ध, म्हणजे जास्त इंधनाच्या, बाजूला ५० अंश फॅरेनहाइट. नवे वैमानिक मिश्रणाचा लाल दांडा मागे घ्यायला कचरतात आणि दोन वळसे देऊन थांबतात, हे मी दर आठवड्याला पाहतो. शिवाय क्लबची इंजिने तक्ता बनवताना होती तशी नवी नसतात. तुमचे विमान ताशी १०.२ गॅलन पीत असेल, तर साडेतीन तासांच्या जागी ३ तास १४ मिनिटे हाती राहतात. वारा अंदाजाबरहुकूम असूनही तुम्ही ५६ मिनिटांच्या शिलकीवर उतरता. आणि ४० नॉटचा वारा व १०.२ चा वापर हे दोन्ही एकाच दिवशी आले तर २९ मिनिटे उरतात. यात कोणताही अपघात नाही, बिघाड नाही, वाट चुकणे नाही. अगदी सामान्य अशा दोन गोष्टी एकत्र आल्या, एवढेच घडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ऑगस्ट २०१७ मध्ये याच विषयावर एक सुरक्षा सूचना काढली होती. २०११ ते २०१५ या काळात इंधनाच्या व्यवस्थापनातील चुकांमुळे सामान्य विमानवाहतुकीत वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात झाले, आणि त्यांतील जेमतेम ५ टक्के अपघातांत यंत्रणेतील दोष कारणीभूत होता, असे तीत म्हटले आहे. बाकीचे माणसांच्या हातून झाले, आणि त्या माणसांत व्यावसायिक परवाना असणारेही पुष्कळ होते. म्हणून तुमचे ८४ तास कमी आहेत याची चिंता करू नका. ज्यांचे आठ हजार झाले आहेत त्यांनाही हेच सांगावे लागते.

मग करावे काय? माझे मत असे की, कमीत कमी एक तास शिल्लक ठेवून उतरायचे. अमेरिकेतील वैमानिकांच्या ‘एओपीए’ या संघटनेची सुरक्षा संस्थाही हेच सुचवते. परंतु हे नुसते ठरवून उपयोग नाही. हवेत असताना, घर तासाभरावर आलेले असताना आणि मागे आईवडील बसलेले असताना, तो तास हळूहळू पन्नास मिनिटांचा आणि मग चाळीस मिनिटांचा कसा होतो ते आपले आपल्यालाही कळत नाही. म्हणून निर्णय जमिनीवरच घेऊन ठेवायचा आणि हवेत फक्त घड्याळ वाचायचे.

तुमच्या मार्गावर त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. पासो रोबल्स सांता बार्बरापासून सुमारे ८५ सागरी मैलांवर आहे, धावपट्टी लांब आहे आणि इंधन मिळते. एक तास शिल्लक हवा असेल, तर सबंध प्रवासात जमिनीवरचा सरासरी वेग ८४ नॉटच्या खाली जाता कामा नये, म्हणजेच वर चढण्याची पाच मिनिटे धरून पासो रोबल्स ६५ मिनिटांच्या आत डाव्या किंवा उजव्या हाताला दिसले पाहिजे. एका कागदावर एवढेच लिहा: ‘पासो रोबल्स, ६५’. त्याहून उशीर झाला तर उतरायचे. त्या क्षणी विचार करायचा नाही, कारण विचार तुम्ही आज केलेला आहे. पुढे किंग सिटी आणि सॅलिनास आहेतच, परंतु सॅलिनासला संध्याकाळी समुद्रावरचे ढग खाली उतरून येतात, त्यामुळे शेवटचा आधार म्हणून मी त्याच्यावर विसंबणार नाही.

उंचीचाही विचार करा. वाऱ्याचा अंदाज ३,०००, ६,००० आणि ९,००० फुटांसाठी मिळतो. तिन्ही आकडे समोर ठेवून ६,५०० आणि ८,५०० यांची तुलना करा. खाली वारा नेहमी मंद असतो असे मात्र समजू नका, कारण दुपारनंतर सॅलिनासचे खोरे समुद्रावरचा वारा आत ओढून घेते आणि तो बरोबर तुमच्या तोंडावर येतो.

फ्लाइंगमास्तर, महाराष्ट्र

मी महाराष्ट्रातील एका विमानतळावर विद्यार्थ्यांना शिकवतो. वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत असून, विमान जमिनीवर उभे असताना ज्या गोष्टी तपासायच्या असतात त्यांविषयी थोडे लिहितो, कारण ‘टाकीत ३५ गॅलन आहेत’ हे वाक्य ज्यावर सगळा हिशेब उभा आहे, तेच मुळात सिद्ध करावे लागते.

केबिनमधील काट्यावर भरवसा ठेवू नये. प्रमाणीकरणाच्या नियमाने त्या काट्याला शून्याविषयी एक स्पष्ट बंधन घातलेले आहे: विमान समतल उडत असताना टाकीत फक्त वापरता न येणारे इंधन उरले की काट्याने शून्य दाखवले पाहिजे. मधल्या आकड्यांवर, त्यातून विमान वळत असताना किंवा हेलकावत असताना, वेळ काढण्याइतका विश्वास टाकणे धोक्याचे आहे. पंखावर चढून डिपस्टिक, म्हणजे खुणा असलेली मोजकाठी, टाकीत सोडायची, ती सरळ उभी आहे याची खात्री करायची, वर काढून ओलाव्याची रेघ उडून जाण्याच्या आत वाचायची. अ‍ॅव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचे पेट्रोल, फार लवकर उडून जाते, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात ती रेघ दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबत नाही. विद्यार्थी काठी उन्हाकडे धरून कोनातून पाहत बसतो आणि तोवर ती कोरडी होते. प्रत्येक टाकी दोनदा मोजावी. विमान उतारावर उभे असेल तर आधी ते सपाट जागी ढकलावे, कारण १७२ च्या रुंद आणि उथळ टाकीत थोड्याशा उतारानेही दोन-तीन गॅलनचा फरक दिसू शकतो. डिपस्टिक त्याच प्रकारच्या विमानाची असावी, हे सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विमान सकाळी नोंदवहीप्रमाणे भरलेले होते आणि डिपस्टिकने उजव्या टाकीत चार गॅलन कमी दाखवले. आदल्या दिवशीच्या वैमानिकाने नोंद खोटी केली नव्हती. पंखाच्या वर, टाकीच्या झाकणामागून मागच्या काठापर्यंत हाताच्या बोटाएवढा रुंद निळसर पट्टा सुकलेला होता. झाकण आट्यावर नीट बसले नव्हते. पंखाच्या वरच्या बाजूला उड्डाणात दाब कमी असतो आणि त्या दाबाने इंधन वर ओढले जाऊन वाऱ्यावर गेले होते. शंभर लो-लेड या कमी शिशाच्या अ‍ॅव्हगॅसला निळा रंग दिलेला असतो, म्हणून तो पट्टा दिसला. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला झाकण बसवल्यावर त्यावर हात ठेवून ते हलते का ते पाहायला लावतो, आणि ते झाकण दुसऱ्याने बसवले असले तरी हे करायला लावतो.

एककांचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. टँकरचा मीटर लिटरमध्ये, पुस्तिका अमेरिकन गॅलनमध्ये आणि वजनाचा तक्ता कधी पाउंडात तर कधी किलोत असतो. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अ‍ॅव्हगॅसचे वजन लिटरला ०.७२ किलो. तुमचे ३५ गॅलन म्हणजे १३२.५ लिटर. आमच्या सेस्ना १५२ च्या साध्या टाक्यांत वापरण्याजोगे साडेचोवीस गॅलन मावतात, म्हणजे सुमारे ९३ लिटर, आणि ताशी २३ लिटर धरले तर चार तास. मी विद्यार्थ्यांना प्रत्येक आकड्याच्या पुढे एकक लिहायला लावतो, कारण २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ हवेतच इंधनाविना राहिले आणि गिमली येथे तरंगत उतरवावे लागले, त्याच्या मुळाशी एक मोठी चूक होती: किलोत हिशेब करायचा असताना लिटरला पाउंडाचा गुणक, १.७७, वापरला गेला.

इथे आणखी एक अडचण आहे, जी तुमच्याकडे आताच कुठे जाणवू लागली असेल. भारतात बहुतेक विमानतळांवर जेट ए-१ हे जेट विमानांचे इंधन मिळते, अ‍ॅव्हगॅस मिळत नाही. ते पूर्वी परदेशातून आणावे लागे. इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले देशी अ‍ॅव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. तरीही क्रॉस-कंट्रीला, म्हणजे दूरच्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणाला, निघताना ‘तिथे भरून घेऊ’ असे आमचा विद्यार्थी म्हणू शकत नाही. जाऊन परत येण्याचे इंधन बहुधा इथूनच न्यावे लागते. इंधन भरताना समोर उभे राहावे, टँकरवरची पाटी वाचावी, आणि भरून झाल्यावर प्रत्येक निचरा-छिद्रातून नमुना घ्यावा. पावसाळ्यात नमुन्याच्या तळाशी पाण्याचा थेंब मण्यासारखा वेगळा दिसतो. जेट मिसळल्याची शंका आली तर दोन थेंब कागदावर टाकावेत. अ‍ॅव्हगॅस उडून जाते आणि जेटचा तेलकट डाग राहतो.

दिगंत, सॅन होजे

दोघांचेही मनापासून आभार. शेवटचा मुद्दा आमच्याकडे खरोखरच लागू आहे. आमच्या काउंटीच्या दोन्ही विमानतळांवर १ जानेवारी २०२२ पासून शंभर लो-लेड विकले जात नाही, शिसेविरहित इंधन मिळते. आमच्या क्लबच्या विमानाला त्याची मान्यता आहे, परंतु बाहेरून येणाऱ्या मित्राच्या विमानाला नव्हती आणि त्याला ते इथे आल्यावर कळले. सांता बार्बरा आणि पासो रोबल्स येथे दूरध्वनी करून मी आधीच विचारून ठेवेन.

ताशी वापराचा आकडा मात्र मला बोचला. गेल्या पाच उड्डाणांच्या नोंदी काढून पाहिल्या. किती गॅलन भरले ते लिहिलेले आहे, परंतु आधी किती उरले होते ते कुठेच नाही. म्हणजे माझे विमान ताशी किती पिते हे मला सांगता येत नाही.

तांबडा_पायपर, ऑस्टिन

१७२ मध्ये इंधनाचा सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणारी कळ, ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) असतो, त्यामुळे मी सांगतो ती गोष्ट आपल्याला लागू नाही असे वाटेल, परंतु कृपया वाचावी. माझे विमान पायपर आर्चर आहे. त्यात ४८ गॅलन वापरण्याजोगे असतात आणि सिलेक्टरला बंद सोडून ‘डावी’ व ‘उजवी’ एवढ्याच जागा असतात. दोन्ही एकदम नाहीत. दर अर्ध्या तासाने टाकी बदलायची असा माझा नेम होता. चार वर्षांपूर्वी एका दुपारी सहप्रवाशाला खालची नदी दाखवण्याच्या नादात मी एक बदल चुकवला, आणि ३,५०० फुटांवर इंजिन आधी अडखळले आणि मग गप्प झाले. पंख्याचा आवाज बदलतो तो कानाआधी पोटाला कळतो. पंप चालू केला, सिलेक्टर उजवीकडे फिरवला, आणि इंजिन पुन्हा धरेपर्यंतची सात-आठ सेकंदे मला आजही मोजून सांगता येतील. उजव्या टाकीत त्या वेळी सतरा गॅलन होते. इंधन संपले नव्हते. ते इंजिनापर्यंत पोहोचत नव्हते, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता.

१७२ ला याचा संबंध असा की, विमान उभे करून ठेवताना एका टाकीतले इंधन दुसरीत जाऊ नये म्हणून पुस्तिका सिलेक्टर डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायला सांगते. सांता बार्बराला दिवसभर विमान उभे राहील. संध्याकाळी घाईत निघताना तो ‘बोथ’वर आला आहे हे यादीत वाचून नव्हे, तर हाताने फिरवून पाहावे, आणि उड्डाणापूर्वीची इंजिन तपासणी त्याच स्थितीत करावी. आता मी मांडीवरच्या कागदावर टाकी बदलल्याची वेळ लिहितो आणि शेजारी बसलेल्याला, तो वैमानिक नसला तरी, घड्याळाकडे लक्ष ठेवायला सांगतो. प्रवाशांना हे काम आवडते.

यारा, मेलबर्न

राखीव इंधनाच्या नियमाकडे पाहण्याच्या दोन पद्धती आहेत, हे इथे नोंदवावेसे वाटते. तुमच्याकडील, म्हणजे अमेरिकी विमाननियमांतील, कलम ९१.१५१ उड्डाण सुरू करण्याविषयी बोलते: अंदाजित वारा आणि हवामान लक्षात घेऊन एवढे इंधन नसेल, तर उड्डाण सुरू करता येणार नाही. आमच्याकडे २ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत दिवसाच्या दृश्य उड्डाणाला छोट्या विमानासाठी तीच ३० मिनिटे आहेत, परंतु ती उतरेपर्यंत टाकीत असली पाहिजेत. ती मोडावी लागतील असे हवेत लक्षात आले, तर ‘मेडे फ्युएल’ असे जाहीर करणे बंधनकारक आहे, मग धावपट्टी समोर दिसत का असेना. आमच्या क्लबात सुरुवातीला पुष्कळांना हे जाचक वाटले. मला वाटते, नियमाने राखीव इंधनाचा अर्थ बदलला हे फार बरे झाले. पूर्वी ते ‘अडचणीत वापरायचे इंधन’ होते, आता ते वापरावे लागणे हीच अडचण मानली जाते. तुम्ही अमेरिकेत असलात तरी मनाने हा नियम पाळायला कोणाची हरकत नसावी.

पंखाखाली, सॅक्रामेंटो

यारा यांचा मुद्दा मी माझ्या पुढच्या वर्गात सांगणार आहे. त्याला जोडून दिगंत यांच्यासाठी: इकडे नियंत्रकाला ‘मिनिमम फ्युएल’ असे कळवले तर त्याने तुम्हाला प्राधान्य मिळत नाही, तो फक्त सावध होतो. प्राधान्य हवे असेल तर आणीबाणी जाहीर करावी लागते, आणि ती करताना लाजू नये.

तुमच्या वजनाच्या हिशेबात २० पाउंड मोकळे दिसतात. पट्टी ही फक्त एक खूण आहे, मर्यादा नाही. सामान थोडे कमी केले आणि डिपस्टिकने मोजून ३८ गॅलन घेतले, तर तीन गॅलन म्हणजे आणखी १९ मिनिटे तुमच्या हाती येतील. मात्र आईवडिलांचे वजन सांगलीच्या आठवणीवरून धरू नका. जोडे आणि कोट घालून घरच्या काट्यावर उभे करा. वजन मागे सरकल्यावर गुरुत्वमध्य मर्यादेत राहतो का, तेही पाहा.

दिगंत, सॅन होजे

मार्चचे उड्डाण झाले, म्हणून नोंद करतो.

सामानातील दोन पिशव्या घरी ठेवल्या आणि सर्वांना काट्यावर उभे केले. बाबा तीन पाउंडांनी जास्त भरले, आई पाचांनी कमी. परतीसाठी ३८ गॅलन घेतले आणि हिशेबात ९.५ ऐवजी १०.२ धरले. तसे धरल्यावर पासो रोबल्सची मर्यादा ६७ मिनिटे आली. हेच ३५ गॅलनवर धरले असते, तर अंदाजाप्रमाणे वारा असूनही तासाची शिल्लक राहत नव्हती, म्हणजे माझा मूळ बेत निघण्यापूर्वीच मोडीत निघत होता. कागदावर ‘पासो रोबल्स, ६७’ असे लिहून तो घड्याळाशेजारी चिकटवला. पत्नी पुढे बसली होती आणि वेळ पाहण्याचे काम तिच्याकडे दिले.

सांता बार्बराहून पाच वाजून चार मिनिटांनी चाके उचलली. सांता मारिया मागे पडले तेव्हाच जमिनीवरचा वेग ८० च्या आसपास दिसत होता. पासो रोबल्सची धावपट्टी बाजूला आली तेव्हा पत्नी म्हणाली, “अडुसष्ट.” एका मिनिटासाठी उतरायचे का, असे माझ्या मनात खरोखर आले. पुढची हवा स्वच्छ होती, काटे अर्ध्याच्या आसपास होते, आणि हिशेबाने तासभराच्या आसपास शिल्लक राहिलीच असती. परंतु कागदावर ६७ लिहिलेले होते. मी उतरलो.

डिपस्टिकने दोन्ही टाक्यांत मिळून साडेचोवीस गॅलन दाखवले. पुन्हा ३८ पर्यंत भरायला साडेतेरा गॅलन लागले आणि पंपाच्या मीटरशी ते जुळले. बाबांना गुडघ्यामुळे दोन तासांहून जास्त बसवत नाही, हे ते मला निघताना बोलले नव्हते. धावपट्टीशेजारी ते वीस मिनिटे चालले आणि आईने थर्मासमधला चहा सगळ्यांना दिला. शेवटचा टप्पा अंधारात झाला. मला रात्रीचे प्रवासी नेण्याची मुभा त्या आठवड्यात होती, कारण तीन रात्रीची उतरणी मी मुद्दाम आधी करून ठेवली होती. रीड-हिलव्ह्यूला उतरलो तेव्हा दोन तासांहून जास्त इंधन शिल्लक होते.

दिवसभराच्या चारही मोजण्यांवरून आमच्या विमानाचा ताशी वापर १०.१ गॅलन निघाला. क्लबच्या नोंदवहीत ‘उतरल्यावर डिपस्टिकने’ असा एक रकाना वाढवून मागितला होता. तो गेल्या सोमवारपासून सुरू झाला आहे.